हवापालट, आजोळ आणि क्षय

दिल्लीतील विद्यापीठांच्या भाषाविभागांत स्थलांतरितांचे साहित्य हा विषय बरीच वर्षे प्रतिष्ठेने शिकविला जात आहे. मायदेश, परदेश, स्मृती, तुटलेपण, दुहेरी अस्मिता ह्या संज्ञांची त्यात एवढी वर्दळ असते की, स्थलांतरिताला शरीरही असते ह्याचे विस्मरण व्हावे. परदेशी स्थायिक झालेले कुटुंब सुट्टीत भारतात येते, हा त्या साहित्यातील एक ठरून गेलेला प्रसंग होय. परतण्याची ओढ आणि परतण्याची अशक्यता ह्यांचे नाट्य म्हणून समीक्षक त्याचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ चुकीचा असतो असेही नाही. परंतु ह्याच प्रसंगात पाच-सहा आठवडे आजीच्या कुशीत झोपणारे, आजोबांच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकणारे चार वर्षांचे मूल श्वासावाटे काय घेऊन परत जाते, हा प्रश्न चर्चासत्रात कोणी विचारीत नाही. तो वैद्यकाचा प्रश्न आहे असे समजून सोडून दिला जातो.

वैद्यकाने मात्र साहित्याच्या अभ्यासकांना हेवा वाटावा अशी एक कोटी तयार केली आहे. प्रवाशांच्या आरोग्याचा विचार करणारे शास्त्र पर्यटक, व्यापारी आणि आप्तभेटीसाठी जाणारा स्थलांतरित असे भेद करते, आणि ह्यांतील तिसऱ्याची सर्वांत अधिक काळजी करते. कारण उघड आहे. पर्यटक कुतुबमिनार पाहतो, हॉटेलात झोपतो आणि चार दिवसांत निघून जातो. आप्तांना भेटावयास आलेला माणूस घरात राहतो, पुष्कळ दिवस राहतो, सर्वांबरोबर एका ताटात जेवतो, एका खोलीत झोपतो. आणि आपण परक्या देशात आहो असे त्याला वाटत नसल्यामुळे कोणतीही सावधगिरी घेत नाही. आपलेपणा हाच येथे धोक्याचा हेतू ठरतो. स्थलांतराच्या अनुभवाविषयी इतके नेमके आणि इतके अस्वस्थ करणारे विधान आपल्या समीक्षेत क्वचितच सापडेल.

क्षय हा हवेतून पसरणारा रोग आहे. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीतील हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. दिल्लीतील घरे डिसेंबरात थंडीमुळे व धुरक्यामुळे बंद असतात आणि जूनमध्ये वातानुकूलनामुळे बंद असतात. परदेशातील शाळांच्या सुट्ट्या नेमक्या ह्याच दोन वेळी पडतात. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सर्व राज्यांत क्षयाचे प्रमाण दिल्लीत सर्वाधिक आढळले: लाखामागे ५३४, जेव्हा देशाचे सरासरी प्रमाण ३१२ होते. त्याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे ह्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहेत. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोणाकडेच उपचाराला गेले नव्हते. आणि जे रुग्ण सापडले त्यांपैकी जवळजवळ ४३ टक्के केवळ छातीच्या क्ष-किरण तपासणीमुळे सापडले, एरवी ते निसटलेच असते. म्हणजे घरातील ज्या माणसापासून मुलाला धोका आहे तो माणूस आजारी दिसत नाही, आणि दिसलाच तर त्याचा आजार वयाच्या खात्यावर जमा केला जातो.

आता साहित्याकडे वळावयास हरकत नाही. कारण ह्या प्रश्नाची मुळे आपल्या वाङ्मयेतिहासात फार खोलवर गेलेली आहेत आणि आपण तेथे त्यांकडे पाहूनही पाहिलेले नाही.

१८६९ मध्ये कलकत्त्याचे गोविनचंद्र दत्त आपल्या दोन मुलींना घेऊन युरोपला गेले. धाकटी तोरू तेव्हा तेरा वर्षांची होती. नीस येथे शाळा, पुढे लंडन, मग केंब्रिज असा प्रवास करून हे कुटुंब १८७३ मध्ये परतले. थोरली अरू १८७४ मध्ये क्षयाने गेली; तोरू ३० ऑगस्ट १८७७ रोजी त्याच रोगाने गेली, तेव्हा तिचे वय एकवीस होते. फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचे तिचे पुस्तक आदल्याच वर्षी भवानीपूर येथे छापले गेले होते. १८८२ मध्ये तिचा दुसरा संग्रह लंडनला निघाला त्याला एडमंड गॉस ह्यांची प्रस्तावना आहे, आणि तेव्हापासून आजतागायत तोरूच्या मृत्यूचे वर्णन अकाली कोमेजलेल्या फुलाच्या परिभाषेत होत आले आहे. एका घरातील दोन बहिणी तीन वर्षांच्या अंतराने एकाच रोगाने मरतात, ह्यावरून सूचित होणारी साधी गोष्ट, म्हणजे त्या एका हवेत राहत होत्या, ही मात्र तोरूविषयीच्या लेखनात कोठे बोलली जात नाही. फुले एकमेकांना रोग देत नाहीत.

मराठी वाचकाला ह्यापुढे आनंदीबाई जोशी आठवणे अपरिहार्य आहे. रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, १८८३ च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. त्यांचे चरित्र कॅरोलाइन हीली डॉल ह्यांनी इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकर ह्यांनी मराठीत लिहिले, श्री. ज. जोशी ह्यांच्या ‘आनंदी गोपाळ’ ह्या १९६८ च्या कादंबरीने ती कथा घरोघर नेली. ह्या सर्व परंपरेने मराठी मनात जो कार्यकारणभाव रुजविला तो असा: परदेशची थंडी, शाकाहार, नऊवारी लुगडे, अतिश्रम, आणि पतीचा हट्ट. ह्यांतील प्रत्येक गोष्ट शरीराला दुबळे करणारी आहे हे खरे. पण ह्यांपैकी एकही क्षयाचे कारण नव्हे. कारण कोठल्या तरी घरातील, वसतिगृहातील, जहाजावरील किंवा रुग्णालयातील एका खोकणाऱ्या माणसात असते, आणि तो माणूस कोणत्याच चरित्रात पात्र म्हणून येत नाही. चरित्रकारांनी देशाला आरोपी केले. तोरूच्या बाबतीत कधी इंग्लंडचा हिवाळा आणि कधी बंगालचा उन्हाळा, आनंदीबाईंच्या बाबतीत पेनसिल्वेनिया. हवामान हा जणू रोगाचा कर्ता, आणि माणसे केवळ त्याची भक्ष्ये.

ह्या समजुतीला मराठीत एक अत्यंत प्रिय शब्द आहे: हवापालट. क्षयाच्या इतिहासातूनच तो वाढला आहे. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया ह्यांनी १९१२ साली काढलेले बेल एअर, मिरजेजवळची वानलेसवाडी ह्या आरोग्यधामांत रोगी हवापालटासाठीच जात. औषध नव्हते तोवर स्वच्छ हवा, विश्रांती आणि दूध-अंडी एवढाच उपचार होता, आणि त्यातून बरे होणारे थोडे होते. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेरला गेले ते ह्याच रोगाने, तेहेतिसाव्या वर्षी. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, आयसोनायझिड आले. परंतु हवापालट हा शब्द सुट्टीच्या कल्पनेला चिकटून राहिला. मुलांना आजोळी पाठवावयाचे ते हवापालटासाठी. परदेशातून आलेल्या नातवंडाविषयीही हेच बोलले जाते. आणि सुट्टीनंतर ते मूल परत जाते, त्याचे वजन वाढत नाही, संध्याकाळी अंग कोमट लागते, खेळता खेळता बसून राहते, तेव्हा ह्याच शब्दाची दुसरी बाजू पुढे येते: तिकडची हवा मानवली नाही. वाक्प्रचार अर्धा खरा आहे, ही त्यातील खेदाची गोष्ट. हवेतूनच आले आहे. फक्त ती हवा दिल्लीची किंवा पुण्याची नसून एका खोलीची असते.

भारतीय भाषांनी ह्या रोगाला दिलेली नावे एकत्र ठेवून पाहिली तर तौलनिक अभ्यासकाला रस वाटावा असे पुष्कळ काही हाती लागते. तमिळने त्याला खोकल्यावरून ओळखले. तेथे तो कासनोय आहे. हिंदी-उर्दूचा तपेदिक फारसीतून आला आणि त्यात ताप पुढे आहे. बंगालीने यक्ष्मा हा पुराणातील शब्द राखला. मराठी, गुजराती, कन्नड, मल्याळम ह्या भाषांनी क्षय, म्हणजे झिजणे, हे लक्षण निवडले. राजयक्ष्म्याची कथा चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे: दक्षाच्या कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर आसक्त झालेला चंद्र शापाने झिजू लागतो. क्षय ह्या शब्दात चंद्रकलेचा ऱ्हास आहे तसाच आसक्तीचा दोषही आहे, आणि पुढील सगळी लाज त्या दोषातून आली असावी असा तर्क करण्यास जागा आहे. चरकाने साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन अशी चार कारणे दिली आहेत. चारही रोग्याच्या स्वतःच्या वागण्यातील आहेत. दुसऱ्याच्या श्वासाला त्या यादीत स्थान नाही.

परंतु येथेच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. सरकारी भित्तिपत्रकावर क्षयाची ओळख दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला अशी दिलेली असते. प्रौढांच्या बाबतीत ती योग्य आहे. लहान मूल मात्र पुष्कळदा खोकतच नाही. त्याचे वजन थांबते, भूक जाते, मानेत गाठी येतात, खेळणे मंदावते. म्हणजे मुलाच्या क्षयाचे वर्णन क्षय ह्या जुन्या शब्दात आणि गंडमाळ ह्या दुसऱ्या जुन्या शब्दात जितके आहे तितके नव्या प्रचारात नाही. आपली भाषा जे जाणत होती ते तिच्या बोलणाऱ्यांनी विसरून टाकले. आज दिल्लीतील वा ठाण्यातील सुशिक्षित घरात क्षय हा शब्द उच्चारला जात नाही. छातीत डाग आहे, पॅच आला आहे, पाणी झाले आहे, बारीक ताप आहे असे म्हटले जाते. आणि मुलाच्या बाबतीत तर प्रायमरी कॉम्प्लेक्स ही एक विलक्षण संज्ञा मराठी संसारात रूढ झाली आहे. मुळात ती फुप्फुसातील पहिल्या संसर्गाच्या खुणेचे शास्त्रीय नाव होय. आया एकमेकींना ‘आमच्याला लहानपणी प्रायमरी झाली होती’ असे सांगतात, जणू ती शाळाच. शब्दाने भीती घालविली हे त्याचे पुण्य. पण त्यानेच तपासाचाही अंत केला. मुलाला प्रायमरी झाली असेल तर ती त्याला कोणीतरी दिली, आणि तो कोणीतरी बहुधा घरातच आहे, हा पुढचा विचार त्या शब्दाबरोबर येत नाही.

सुझन सोन्टाग ह्यांच्या ‘इलनेस अ‍ॅज मेटफर’ ह्या १९७८ च्या पुस्तकाचा उल्लेख ह्या ठिकाणी होणारच, कारण आपल्या चर्चासत्रांत रोगाचा विषय निघाला की तो होतोच. परंतु त्या पुस्तकाचा आपल्याकडे झालेला उपयोग उलटा आहे. रोग हे रूपक नव्हे आणि रूपकांचा जाच रोग्याला होतो, हे सांगण्यासाठी ते लिहिले गेले. आपण त्यातील रूपकांची यादी तेवढी उचलली आणि तीत भारतीय उदाहरणांची भर घालीत बसलो. विद्यार्थी कृश नायिका, तिचे तेजाळलेले गाल, डोंगरावरचे आरोग्यधाम ह्यांचे अर्थ लावतात, आणि त्यांच्याच वर्गात क्षयाची औषधे घेणारा एखादा सहाध्यायी ती गोष्ट लपवून ठेवतो.

ह्या रोगाच्या बाबतीत राज्यसंस्था कुटुंबाची व्याख्या कशी करते, हेही साहित्याच्या अभ्यासकाने वाचण्याजोगे आहे. ब्रिटनने शाळकरी मुलांना सरसकट बीसीजी टोचणे २००५ मध्ये थांबविले. आता ज्या अर्भकांच्या आईबापांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी लाखामागे ४० वा अधिक क्षयरुग्ण असलेल्या देशात जन्मले असेल, त्यांना ती लस देऊ केली जाते. मूल लेस्टरमध्ये जन्मले, आई लेस्टरमध्ये जन्मली, तरी आजी साताऱ्याची असेल तर परिचारिका लस पुढे करते. ह्या नियमाकडे वंशशोध म्हणून संशयाने पाहता येईल. पण त्यात एक शहाणपण आहे: आजी जेथली, तेथे नातवंड जाणार, आणि आजीच ह्या घरी येऊन राहणार, हे त्याने ओळखले आहे. तीन पिढ्यांच्या कादंबरीला जे सांगावयास चारशे पाने लागतात ते त्या तक्त्यात एका ओळीत आहे.

अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे बीसीजी सरसकट दिली जात नाही. त्याऐवजी स्थलांतराच्या वेळी तपासणी होते, आणि २०१८ पासून क्षयाचे प्रमाण लाखामागे २० वा अधिक असलेल्या देशांतून कायम वास्तव्यासाठी येणाऱ्या दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची रक्तचाचणीही केली जाते. ही तपासणी उंबरठ्यावर, एकदाच. एडिसनमध्ये जन्मलेले, अमेरिकी पारपत्र असलेले मूल दर दोन वर्षांनी द्वारका किंवा नोइडा येथे सहा आठवडे राहून परतते तेव्हा त्याला ह्या नियमाखाली कोणी काही विचारीत नाही, कारण ते परके नाही. कॅलिफोर्नियातील मुलांविषयी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात मागील बारा महिन्यांत जाऊन आलेल्या मुलांत त्वचाचाचणी सकारात्मक येण्याचा संभव इतरांच्या जवळजवळ चौपट आढळला. तशा देशातून पाहुणा घरी येऊन गेला असेल तर तो दुपटीहून अधिक होता. म्हणजे प्रवास न करताही प्रवास घडतो. भारतात २०२३ मध्ये क्षयाचे नवे रुग्ण लाखामागे अंदाजे १९५ होते, अमेरिकेत सुमारे ३. ह्या दोन आकड्यांमधली ये-जा मूल करते, आणि पारपत्र पाहणाऱ्या कोणत्याही खिडकीला ती दिसत नाही.

हे लिहिण्यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. स्थलांतरितांच्या मुलांचा आणि क्षयाचा संबंध जोडणे म्हणजे परक्यांना रोगट ठरविणाऱ्या जुन्या द्वेषाच्या हाती नवे शस्त्र देणे नव्हे काय? पाश्चात्त्य बंदरांवर माणसांना छातीवर खडूच्या खुणा करून परत पाठविले गेल्याचा इतिहास आहे आणि तो विसरणे योग्य होणार नाही. परंतु लहान मूल सहसा कोणाला क्षय देत नाही. त्याच्या फुप्फुसात जंतू थोडे असतात आणि त्याचा खोकला दुबळा असतो. धोका त्याच्यापासून नसून त्याला आहे. पाच वर्षांखालच्या मुलात संसर्गाचे रोगात रूपांतर प्रौढापेक्षा पुष्कळ लवकर आणि पुष्कळ अधिक प्रमाणात होते. आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला तर जीव वाचला तरी बुद्धी, दृष्टी किंवा चालणे जाऊ शकते. द्वेष करणाऱ्यांना संधी नको म्हणून आपण गप्प बसलो तर त्या मौनाची किंमत वादातल्या कोणत्याही पक्षाला द्यावी लागत नाही. ती ते मूल देते. शिवाय सीमा ही येथे दुय्यम आहे. मजनू का टीला येथील तिबेटी कुटुंबाचे मूल हिमाचलातील निवासी शाळेत जाते, लाजपतनगरमधील अफगाण कुटुंब एका खोलीत पाहुणे सामावून घेते, गुडगावातील बांधकाम मजुराचे मूल सुट्टीत दरभंग्याला जाते. त्यांच्यासाठी प्रवास-वैद्यकात कोटीच नाही.

घरातील संशयाचा प्रवास पाहिला म्हणजे वर्गभेदाचा एक उत्तम पाठ मिळतो. मुलाची चाचणी सकारात्मक आल्याचे न्यू जर्सीहून कळते तेव्हा पहिली नजर जाते ती स्वयंपाकाच्या बाईकडे, मग गाडी चालविणाऱ्याकडे. त्या बाईला छातीचा फोटो काढून आणावयास सांगितले जाते, आणि अनेकदा फोटो येण्यापूर्वीच कामावरून कमी केले जाते. ज्या आजोबांचा खोकला तीन महिन्यांचा आहे त्यांना मात्र तो सिगरेटचा, धुरक्याचा किंवा वयाचा म्हणून माफ असतो. तीन तास पोळ्या लाटून जाणाऱ्या बाईपेक्षा रात्रभर एका खोलीत झोपणाऱ्या माणसापासून लागण होण्याचा संभव अधिक, हे समजावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. पण भाषेत आजोबांना रोगी म्हणता येत नाही आणि बाईला म्हणता येते. हा अन्याय आहे. आणि बाईला केवळ हाकलून देऊन, तिचा उपचार न पाहता, तो दुप्पट केला जातो.

ह्या संदर्भात मद्रासच्या प्रसिद्ध प्रयोगाचे स्मरण करणे उचित ठरेल. १९५६ साली तेथे सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने आरोग्यधामात ठेवलेले रुग्ण आणि घरी राहून औषध घेणारे रुग्ण ह्यांची तुलना केली. घरी उपचार घेणारे तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरच्यांना आरोग्यधामातील रुग्णांच्या घरच्यांपेक्षा अधिक क्षय झाला नाही. जगभरची आरोग्यधामे ओस पडण्याला हा निष्कर्ष मोठ्या प्रमाणात कारण झाला. त्याचा आपल्या विषयापुरता अर्थ असा की, घातक काळ निदानाच्या आधीचा असतो. औषध सुरू झालेला आजोबा नातवंडाला फारसा धोकादायक उरत नाही. न तपासलेला आजोबा असतो. लपविणे हेच रोगाचे मुख्य वाहन आहे. कमला नेहरू १९३६ मध्ये लोझानला क्षयाने वारल्या हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या कन्येला १९३९-४० मध्ये स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे रोलिए ह्यांच्या आरोग्यधामात अनेक महिने राहावे लागले, ही गोष्ट त्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक असते. आईचा रोग शोकांतिकेत बसतो. मुलीची छाती कशात बसवावी हे चरित्रकाराला उमगत नाही.

दोन गैरसमज विशेष हट्टी आहेत. पहिला लसीविषयी. दंडावर बीसीजीची खूण आहे म्हणजे मूल सुरक्षित, असे आजी मानते आणि आईबापही मानतात. बीसीजी अर्भकाला मेंदूच्या आवरणाच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून बऱ्याच अंशी वाचविते, म्हणून ती द्यावीच. परंतु मद्रासनजीकच्या चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचे दिसले नाही. हे निष्कर्ष १९७९ पासून उपलब्ध आहेत आणि अजून दिवाणखान्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. दुसरा गैरसमज ह्याच्या उलट बाजूने येतो. परदेशात त्वचाचाचणी सकारात्मक आली की, ‘ती बीसीजीमुळे येते, आमच्या सगळ्यांची येते,’ असे सांगून कागद बाजूला ठेवला जातो. काही वेळा ते खरेही असते. पण बीसीजीचा परिणाम न होणारी रक्तचाचणी आता उपलब्ध आहे, आणि प्रश्न तिच्याने सुटू शकतो. लागण झाल्यावर चाचणीत ती दिसावयास सुमारे आठ ते दहा आठवडे लागतात, त्यामुळे विमानातून उतरल्याबरोबर केलेली तपासणी खोटा दिलासा देते, हेही सांगावयास हवे.

येथे भाषेची उणीव फार जाणवते. लागण आणि रोग ह्या दोन अवस्था शास्त्र वेगळ्या मानते. लागण झालेले मूल आजारी नसते, कोणाला रोग देत नाही, आणि काही महिन्यांच्या औषधाने त्याचा पुढचा धोका पुष्कळच कमी होतो. बोली मराठीत मात्र ‘क्षयाची लागण झाली’ म्हणजे क्षय झाला. डॉक्टर म्हणतो लागण आहे, घर ऐकते रोग आहे. मग मूल धडधाकट दिसते म्हणून घर डॉक्टरालाच खोटे पाडते आणि गोळ्या बंद होतात. सुप्त संसर्ग ही पाठ्यपुस्तकातील जोडणी कोणत्याही आजीच्या तोंडी बसणार नाही. विरजणाची, राखेखालच्या निखाऱ्याची, पेरून न उगवलेल्या बियाण्याची किती तरी चित्रे ह्या भाषेत तयार आहेत. त्यांतील कोणते भीती न वाढविता नेमका अर्थ पोहोचवील, हे ठरविणे वैद्याचे काम नाही. ते शब्दांच्या जाणत्यांचे काम आहे. बंगाली, तमिळ, हिंदी विभागांत हेच काम निराळ्या रीतीने करावे लागेल, कारण तेथे नावात खोकला आहे, ताप आहे किंवा पुराण आहे. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाला इतका रोकडा विषय क्वचित मिळतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातच वल्लभभाई पटेल छाती संस्था आहे. कलाशाखेपासून ती काही मिनिटांच्या अंतरावर असून त्या इमारतीकडे भाषेचे प्राध्यापक जातात ते बहुधा दम लागला म्हणून.

आप्तभेटी थांबवाव्यात असे कोणी सुचविणार नाही. सुचविले तरी कोणी ऐकणार नाही, आणि ऐकू नये. आजोळ नसलेले बालपण हा स्वतंत्र क्षय आहे. प्रश्न एवढाच उरतो की, तपासणीची गोष्ट घरात काढावयाची कोणी आणि कोणत्या शब्दांत. सून सासऱ्यांना ‘तुमच्या खोकल्याची तपासणी करा’ असे म्हणू शकत नाही. ते मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवल्यासारखे होते. मुलगा म्हणू शकतो, पण फोनवर त्याला ते सुचत नाही. लेक म्हणते आणि तिचे ऐकले जाते. नातवंडे यावयाची असली की दिल्लीतल्या घरात महिनाभर तयारी चालते: गिझर दुरुस्त होतो, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जाळी बदलते, मच्छरदाण्या निघतात, खिडक्यांना रंग लागतो. ‘बाबा, मुले यायच्या आत तुमचा आणि आईचा एकदा छातीचा फोटो काढून घेऊ या, आणि खोकला आहे तोवर बेडकाही तपासून टाकू,’ हे वाक्य त्या यादीत गिझरच्या शेजारी, तेवढ्याच सहजपणे बसू शकते. त्यात आरोप नाही, क्षय हा शब्दही नाही. आणि स्वयंपाकाच्या बाईचा फोटो त्याच दिवशी, त्याच खर्चाने, तिची नोकरी राखून काढून घेता येतो.